मलिहाबादला समुद्र नाही

(लखनौ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



लखनौमधल्या मराठी व्यासपीठावर उभं राहिलं की नजर आधी कैसरबागेकडे जाते. १९२६ साली पंडित भातखंड्यांच्या प्रेरणेनं इथे मॉरिस कॉलेज सुरू झालं, पुढे रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि लखनौशी मराठी माणसाचं नातं गाण्याचं हे तेव्हाच ठरून गेलं. त्या परंपरेत मी माशीवर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा फोनच्या पलीकडे संयोजक थोडा वेळ गप्प होते. त्यांनी नंतर मोठ्या मनानं होकार दिला, त्याबद्दल त्यांचे आभार.

माशी म्हणजे फळमाशी. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. काकोरी, मलिहाबाद, माल या पट्ट्यातले बागवान तिला डासी म्हणतात. आकार साधारण घरमाशीएवढा, पण अंगकाठी गांधीलमाशीसारखी. पाठीवर पिवळे पट्टे, पंख काचेसारखे. मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीत डंख मारून आत अंडी घालते. दोनेक दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि गर खात आत शिरतात. फळाला बाहेरून फक्त एक बारीक ठिपका दिसतो. आठवड्याभरात अळी पूर्ण वाढते, फळातून बाहेर पडते, चक्क उडी मारून मातीत जाते आणि दोनचार सेंटिमीटर खोलीवर कोष करते. आणखी आठ-दहा दिवसांनी त्यातून नवी माशी वर येते. म्हणजे अंडी आणि अळी फळात, कोष मातीत. फवारणीच्या नळीला या तिघांपैकी कोणीच सापडत नाही. सापडते ती उडती माशी, आणि उडणाऱ्याला शेजाऱ्याची बाग परकी नसते.

हा शेवटचा मुद्दा नीट समजायचा तर मलिहाबादच्या दुसऱ्या एका किडीकडे पाहावं लागेल. आंब्यावरचा पिठ्या ढेकूण, ज्याला इथे गुजिया म्हणतात. त्याची पिल्लं हिवाळ्यात मातीतून निघतात आणि खोडावरून चालत वर चढतात. त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे: डिसेंबरात खोडाला प्लास्टिकचा गुळगुळीत पट्टा बांधायचा, कडेला ग्रीस लावायचं. पिल्लं घसरतात, वर पोचत नाहीत. यात शेजाऱ्यानं पट्टा बांधला की नाही याला फारसं महत्त्व नाही. ज्यानं बांधला त्याचं झाड वाचलं. आपल्याकडचा बागवान पिढ्यान् पिढ्या याच हिशेबानं वागत आलाय: आपली बाग, आपला बंदोबस्त. चालणाऱ्या किडीला हा हिशेब पुरतो. उडणाऱ्या किडीला पुरत नाही, आणि फळमाशीशी आपण गेली कित्येक वर्षं गुजियाच्या हिशेबानं लढतो आहोत.

आता थोडा इतिहास. तो आपल्या शेजारच्या बिहारात सुरू होतो याचा मला उगाचच अभिमान वाटतो. तेव्हाच्या दरभंगा जिल्ह्यातलं पुसा, तिथली सरकारी कृषी संशोधन संस्था, आणि तिथे काम करणारे फ्रँक मिलबर्न हॉलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ. त्यांच्या एका शेजाऱ्यानं डासांपासून सुटका म्हणून सिट्रोनेलाचं, म्हणजे गवती चहाच्या भाऊबंदांपैकी एका गवताचं, तेल वापरलं. डास गेले असतील-नसतील, पण भोवती फळमाश्या जमू लागल्या. हॉलेट साहेबांनी त्या पकडून पाहिल्या तर सगळे नर. मादी एकही नाही. १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नंतर तेलातला एकेक घटक वेगळा करून तपासत गेले आणि १९१५ पर्यंत मूळ गुन्हेगार सापडला: मिथाइल युजेनॉल. योगायोग असा की ज्या १९१२ साली पुशात हा गंध पहिल्यांदा नोंदला गेला, त्याच साली हेंडेल नावाच्या शास्त्रज्ञानं तैवानच्या नमुन्यांवरून आपल्या या माशीचं शास्त्रीय वर्णन केलं. माशी कागदावर आली आणि तिचा मोह कागदावर आला, दोन्ही एकाच वर्षी.

नर या गंधासाठी जीव टाकतात, ते का हे पुढे कळलं. तो पदार्थ खाल्ला की नराच्या शरीरात त्याचं रूपांतर होतं आणि त्यातून मादीला आकर्षित करणारा त्याचा स्वतःचा गंध तयार होतो. खाल्लेल्या नराला जोडीदारीण लवकर मिळते. तेव्हा ही नुसती चटक नाही, लग्नाची तयारी आहे.

या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग झाला तो प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावर. मारियाना द्वीपसमूहातलं रोटा: जेमतेम ८५ चौरस किलोमीटर. लखनौ शहर आणि भोवतालची चार गावं धरली तरी त्याहून मोठी होतील. १९६२-६३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ स्टाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या चिपाडापासून केलेल्या फळीचे छोटे चौकोनी तुकडे मिथाइल युजेनॉल आणि नॅलेड या कीटकनाशकात भिजवले आणि विमानातून दर पंधरा दिवसांनी सगळ्या बेटावर टाकले. नर त्यावर बसले, चाटले, मेले. नर इतके कमी झाले की माद्यांना जोडीदार मिळेना. बेटावरून माशी गेली, म्हणजे खरोखरच गेली, शून्यावर. कीटकशास्त्रात ‘नर-निर्मूलन’ या शब्दाला जी प्रतिष्ठा मिळाली ती रोटामुळे. जगभरच्या कृषी खात्यांना स्वप्नं पडू लागली.

सगळीकडे मात्र तसं झालं नाही. जपानच्या ओगासावारा बेटांवर हीच युक्ती पुरी पडली नाही. तिथल्या नरांत या गंधाला कमी भुलणारे काही उरत गेले असावेत, असा तिथल्या संशोधकांचा तर्क होता. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला: प्रयोगशाळेत कोट्यवधी माश्या वाढवायच्या, कोषावस्थेत किरणोत्सर्गानं वंध्य करायच्या आणि सोडायच्या. वंध्य नराशी जुळलेल्या रानातल्या मादीची अंडी फुकट जातात. हा मार्ग अमेरिकेच्या एडवर्ड निपलिंग यांनी गुरांच्या जखमेत अळ्या करणाऱ्या माशीसाठी काढला होता आणि १९५४ साली क्युरासाओ या कॅरिबियन बेटावर सिद्ध करून दाखवला होता. पुन्हा बेटच. ओगासावारातून फळमाशी १९८५ मध्ये नाहीशी झाली.

ओकिनावाची गोष्ट मला अधिक आवडते, कारण तिच्यात कारलं आहे. ही माशी आपल्या आंब्यावरची नव्हे, तिची चुलत बहीण, वेलवर्गीय भाज्यांवरची. १९१९ साली ती जपानच्या अगदी दक्षिणेकडच्या याएयामा बेटांवर दिसली आणि हळूहळू उत्तरेकडे पसरली. ओकिनावातल्या लोकांचं लाडकं कारलं, तिकडे त्याला गोया म्हणतात, मुख्य जपानात पाठवायला बंदी आली. १९७२ साली ओकिनावा अमेरिकेकडून जपानकडे परत आलं आणि त्याच सुमारास कुमे या लहानशा बेटावर कामाला हात घातला गेला. आधी गंधाच्या सापळ्यांनी नरांची संख्या खाली आणली, मग वंध्य माश्या सोडल्या. १९७८ मध्ये कुमे मोकळं झालं. तिथून एकेक बेट घेत १९९३ मध्ये सगळा ओकिनावा प्रांत. एकवीस वर्षं, पन्नास अब्जांहून अधिक वंध्य माश्या. आज टोकियोच्या बाजारात कारलं सहज मिळतं, त्याच्यामागे हा सगळा खटाटोप आहे.

आणि मॉरिशस. त्या बेटाचं नाव या सभेत घेताना थोडी आपुलकी येणारच. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि देशावरून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत. आपली डॉर्सालिस माशी तिथे १९९६ साली सापडली. फळमाश्यांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम तिथे दोन वर्षं आधीच सुरू झालेला होता, सापळे टांगलेले होते, म्हणून ती लवकर लक्षात आली आणि आमिष-फवारणी व नर-निर्मूलन करून तिचा नायनाटही करता आला. काही वर्षांनी ती पुन्हा त्या बेटावर पोचली. फळं प्रवास करतात, माणसं पिशवीत फळं नेतात. पण पहिल्या वेळी मॉरिशसला वाचवलं ते औषधानं जितकं, तितकंच आधीपासून टांगलेल्या सापळ्यांनी आणि ते दर आठवड्याला उघडून माश्या मोजणाऱ्या माणसांनी. मला आज जे म्हणायचं आहे त्यातला अर्धा भाग या वाक्यात आला.

उरलेला अर्धा असा, की मलिहाबादला समुद्र नाही.

बेटाला समुद्राचं कुंपण असतं, म्हणून तिथली लढाई संपू शकते. शून्य हा तिथे अर्थपूर्ण आकडा आहे. इथे काकोरीतल्या दशहरी आंब्याच्या बागेला लागून दुसरी बाग, तिला लागून पेरूची वाडी, तिच्यापुढे बोरं, लखनौच्या अंगणातले लोकाट, आणि मग हरदोई, उन्नाव, सीतापूर. इथे शून्य कधी येणार नाही. ज्या दिवशी सापळ्यात एकही माशी आली नाही, त्या दिवशी सापळ्यातलं औषध संपलंय असं समजावं. तरीही आपल्या योजना बेटाच्या नमुन्यावर बेतलेल्या असतात: तीन वर्षांचा प्रकल्प, सापळ्यांचं वाटप, उद्घाटनाचा फोटो, ‘निर्मूलन’ असं लिहिलेला फलक. तीन वर्षांनी पैसे थांबतात, माशी थांबत नाही. खंडावर हे काम लढाईसारखं चालत नाही. ते गटारं साफ करण्यासारखं आहे, दर वर्षी करायचं आणि दर वर्षी पुन्हा करायचं.

सापळ्याबद्दलचा गैरसमज इथे सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. रहमानखेड्याची केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था (१९७२ साली ती आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, १९९५ मध्ये तिला आजचं नाव मिळालं) जो सापळा सुचवते तो अगदी साधा. प्लायवूडचे लहान ठोकळे अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलेथिऑन यांच्या ६:४:१ मिश्रणात दोनतीन दिवस भिजवायचे, प्लास्टिकच्या बाटलीत टांगायचे, मेच्या सुरुवातीपासून हेक्टरी दहा. आपल्या कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठानं याच तत्त्वावर ‘रक्षक’ सापळा काढला, तो आज रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागांतून सर्रास दिसतो. आठवड्यानं बागवान बाटली उघडतो, आत शेकडो माश्या मेलेल्या, आणि तो खूश होतो. त्याचा आनंद मी समजू शकतो. पण त्या सगळ्या नर आहेत. डंख मारणारी मादी बाहेरच आहे. एक नर अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे शंभरातले नव्वद नर मेले तरी उरलेले दहा सगळ्या गावाला पुरतात. नर-निर्मूलनाचा उपयोग व्हायचा तर जवळजवळ सगळे नर जायला हवेत, आणि ते एका बागेत कधीच होत नाही, कारण शेजारच्या बागेतून नवे येत राहतात. किंबहुना एकट्यानं लावलेला सापळा शेजाऱ्याचे नर आपल्याकडे बोलावून घेतो.

शिवाय या गंधाची नैसर्गिक दुकानंही उघडी असतात. तुळशीच्या काही वाणांत मिथाइल युजेनॉल असतं. बहाव्याच्या, इथल्या अमलतासाच्या, फुलांतही ते आढळलंय. मेमध्ये लखनौचे रस्ते पिवळेधमक होतात तेव्हा आपण वर पाहून वा म्हणतो. नर फळमाशीही वा म्हणत असावी. अमलतासाच्या रांगेजवळच्या सापळ्याचा आकडा एकदम घसरला तर बागेतल्या माश्या कमी झाल्या असं लगेच मानू नये.

तेव्हा सापळ्याचं पहिलं काम मारणं नव्हे, सांगणं. जगभर यासाठी एकच सोपं गणित वापरतात: दर सापळ्यामागे दर दिवशी किती माश्या. समजा दहा सापळे, सात दिवस, सातशे माश्या. सातशेला सत्तरनं भागा, उत्तर दहा. पुढच्या आठवड्यात तेच उत्तर वीस आलं तर काहीतरी करायची वेळ आली. यासाठी वही, पेन आणि दर आठवड्याला त्याच वारी बाटली उघडणारा माणूस लागतो. या तिसऱ्या गोष्टीसाठी अंदाजपत्रकात सहसा तरतूद नसते. सापळा विकत घ्यायला अनुदान मिळतं, मोजायला मिळत नाही. सापळे वाटल्याचा फोटो निघतो, माश्या मोजल्याचा निघत नाही, हे त्याचं साधं कारण असावं.

मोजलं तर काय दिसतं? इथे थंडीत माशी अगदी कमी असते, मेपासून वाढू लागते आणि जूनअखेरचा पाऊस झाला की उसळते. म्हणून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वेळेवर उतरवलेली दशहरी बरीचशी सुटते आणि मागून येणारा चौसा मार खातो. त्यानंतर पावसाळी पेरू, ज्याची इथे अक्षरशः दैना होते. महाराष्ट्रातला पेरूवाला बहार धरतो, मृग बहार की हस्त, हे पाणी आणि बाजारभाव पाहून ठरवतो. गंगेच्या मैदानात पावसाळ्याचा बहार टाळून थंडीचा धरण्यामागे फळमाशी हे एक ठोस कारण आहे. औषधाचा थेंबही न वापरता केलेलं हे व्यवस्थापन. त्याचा फोटोही निघत नाही.

‘गाव एकत्र आलं पाहिजे’ हे वाक्य भाषणात फार सोपं असतं. ते खरं आहे का हे कोणी तपासलं, असं विचारणं रास्त आहे. २००२ ते २००५ या काळात भारतीय कृषी संशोधन परिषदेनं ब्रिटनच्या मदतीनं देशातल्या अनेक केंद्रांवर फळमाशीच्या एकात्मिक व्यवस्थापनाचा प्रकल्प चालवला. लखनौची संस्था त्यात होती, डॉ. अब्राहम व्हर्गीस आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजचे जॉन स्टोनहाउस व जॉन ममफोर्ड यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. त्यात हाच प्रश्न सरळ विचारला होता: उपाय एका शेतकऱ्यानं करणं आणि तेच उपाय सगळ्या गावानं मिळून करणं, यात फरक पडतो का? पडतो. गावपातळीवरचा बंदोबस्त सरस ठरला. आमिषाची फवारणी, म्हणजे प्रथिन किंवा गुळाच्या पाण्यात थोडं कीटकनाशक मिसळून झाडाच्या काही भागावर मारणं, हीही कामाला आली, कारण आमिषाला मादीसुद्धा येते. अंड्यांसाठी तिला खाणं लागतं.

मग गाव एकत्र का येत नाही? लोक आळशी आहेत म्हणून नव्हे. मलिहाबादच्या बागेत दोन माणसं असतात. एक मालक, जो अनेकदा लखनौत राहतो. दुसरा ठेकेदार, ज्यानं मोहोर पाहून, कधी त्याआधीच, उभं पीक विकत घेतलेलं असतं. ठेकेदाराला या हंगामातले आंबे हवेत. डिसेंबर-जानेवारीत बागेतली माती उकरून कोष उन्हात आणि पक्ष्यांसमोर टाकणं, गळलेली फळं रोज वेचून दोन-अडीच फूट खोल पुरणं, ही कामं पुढच्या वर्षीच्या माशीसाठी असतात, आणि पुढच्या वर्षी बाग त्याच्याकडे असेल याची त्याला खात्री नसते. मालकाला वाटतं, बाग दिली, आता जबाबदारी त्याची. गळलेला आंबा जमिनीवर कुजत पडतो, कारण तो कायद्यानं ठेकेदाराचा आणि हिशेबानं कोणाचाच नसतो. कोकणात बागा कराराने देण्याची पद्धत आहेच, तिथेही चित्र फार वेगळं नाही. माझं स्पष्ट मत आहे की मलिहाबादला आणखी एक नवं औषध देण्यापेक्षा ठेक्याच्या कागदात दोन ओळी घालणं अधिक उपयोगाचं ठरेल: पडीची फळं कोण वेचणार आणि हिवाळ्यात माती कोण उकरणार. कीटकशास्त्रज्ञानं करारनाम्यावर बोलू नये असं काही सहकाऱ्यांना वाटतं. वाटो.

निर्यातीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वर्तमानपत्रांत भरपूर येतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली ती मालात फळमाश्या सापडल्यामुळे; जानेवारी २०१५ मध्ये ती उठली. जपाननं वीस वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली ती आंब्याला गरम वाफेची प्रक्रिया देण्याच्या अटीवर. अमेरिकेला २००७ पासून आंबा जातो तो किरणोत्सर्ग देऊन, आणि त्याची सुरुवात आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रातून झाली. या सगळ्या युक्त्या फळ झाडावरून उतरल्यानंतरच्या आहेत. परदेशी ग्राहक त्यामुळे सुरक्षित होतो. बाग जिथल्या तिथे राहते, आणि देशात खाल्ला जाणारा आंबा, म्हणजे जवळजवळ सगळा आंबा, या प्रक्रियेला कधी भेटतही नाही.

बेटांकडून खंडावर आणण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. हवाई आणि रियुनियन या बेटांवर पडीची फळं पुरण्याऐवजी एका बंद तंबूत टाकतात. तंबूच्या छताला बारीक जाळी असते. तिच्या भोकांतून फळमाशी बाहेर पडू शकत नाही, पण फळमाशीच्या अंड्यांत आणि अळ्यांत वाढणारी चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी सहज निघून जाते. शत्रू आत अडकतो, मित्र सुटतात. याला ना विमान लागतं, ना किरणोत्सर्गाचं यंत्र, ना समुद्र. चार बांबू, एक ताडपत्री, जाळीचा तुकडा. गावच्या सामाईक जागेत असा एक तंबू उभारता येईल. फक्त रोज संध्याकाळी त्यात फळं कोणीतरी आणून टाकली पाहिजेत, आणि तिथे आपण पुन्हा ठेक्याच्या कागदाशी येतो.

सभेत बहुतेक जण शहरातले आहात. अलीगंज, इंदिरानगर, महानगर इथल्या तुमच्या अंगणांतली आंबा-पेरूची झाडं कोणत्याही ठेक्यात नाहीत, त्यावर कोणी फवारत नाही, आणि बागांमधली फळं उतरली की माशी तिथे सुखानं राहते. पावसाळ्यात पडणारे पेरू झाडाखाली ठेवू नका, मातीत वरवर झाकूही नका, अळीला तेच हवं असतं. रोज वेचून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि गच्चीवर उन्हात ठेवा. पिशवी काळी असली तर उत्तम. दोन आठवड्यांनी ती कचऱ्याच्या गाडीत दिलीत तरी चालेल.